टोक धरणारा

आमच्या ठाकुर्लीच्या चाळीत काहीही तुटलं की टिपणीस सर जेवायची थाळी लाटण्याने बडवत. नळ असो, वाळत घालायची दोरी असो, नाहीतर कपाचा कान. आवाज असा की शहाडच्या पुलाखालचे मासे घाबरून काठावर उड्या घेत. हे भोईर मामी सांगायची, आणि ते मासे तीच विकायची, तेव्हा खोटं कसं म्हणावं?

सर कल्याणच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. स्वतः खिळासुद्धा ठोकत नसत. म्हणत, "आधी पोचेल त्याने दुरुस्ती करायची नसते, हाक मारायची असते." पेशीतला डीएनए म्हणे सारखा तुटतो. एक प्रथिन तुटकी जागा ओळखून बोंब ठोकतं, मग बाकीची धावतात. कोणी टोकं धरतं, कोणी छाटतं, कोणी सांधतं. सरांनी चाळीला तशीच कामं वाटली. रेल्वेतला कांबळे फिटर छाटणार, जाळी विणणारी मामी सांधणार. मला काहीच येत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलेलं.

"तुम्ही टोक धरा. सोडायचं नाही."

बारा वर्षं मी पाइपांची, दोऱ्यांची आणि एकदा मामीच्या खवळलेल्या बोकडाची दोन्ही टोकं धरली.

कांबळेने एकदा वैतागून विचारलं, हे वेड कशापायी. सरांनी भिंत धरून चालणाऱ्या नंदूकडे पाहिलं. ही त्यांची एकुलती, बिनआईची मुलगी.

"हिच्या पेशींत तो हाक मारणाराच नाही. आत तुटत राहतं, कुणाला कळत नाही. बाहेर तरी असावा."

त्या दिवसापासून कांबळे पाना उशाशी ठेवून झोपू लागला.

पुढे नंदूचं चालणं थांबलं, मग बसणं. एका रविवारी सकाळी सगळी चाळ माझ्याकडे टीव्हीसमोर बसलेली असताना थाळी वाजली. एकदाच, आणि इतकी हळू की तो आवाज आम्हीच ओळखावा.

कांबळे पाना घेऊन धावला, मामी सुईदोरा घेऊन, मी नेहमीसारखा रिकाम्या हातांनी.

"सर, काय तुटलं?" कांबळेने दारातून विचारलं.

सर खाटेपाशी बसले होते. नंदूच्या तोंडावर चादर ओढलेली. त्यांनी पाना पाहिला, सुई पाहिली, आणि मान हलवली.

"ह्यात छाटण्या-सांधण्यासारखं काही उरलं नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हात पुढे केला.

मी धरला. दुपार झाली, माणसं आली, तिला घेऊन गेलो, परतलो. सोडा, असं ते म्हणाले नाहीत.