सात ओकांची प्रदक्षिणा

शनिवारी सकाळी बेल्मिरोने नारिंगी फितींची रिळं खांद्याला अडकवली आणि स्कूटरला किक मारली, तेवढ्यात त्याची बायको ग्रासिएत स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली, "नकाशा घेतलास का?"

"नकाशा कशाला? चाळीस वर्षं या खोऱ्यात टपाल वाटलंय मी. डोळे मिटून सायकल चालवेन."

"तू चालवशील रे. बाकीच्यांचे डोळे उघडे असतात, म्हणून तर ते चुकतात!"

बेल्मिरोने ऐकलं नाही असं दाखवलं. टोमणा मात्र बरोबर वर्मी बसला होता. कोर्त दा नोरा गावच्या मंडळाचा तो नऊ वर्षं अध्यक्ष होता, आणि मंडळाचं वर्षातलं एकमेव मोठं काम म्हणजे एप्रिलमधली डोंगरी सायकलींची फेरी. गावातून निघायचं, मिरा नदीच्या काठाकाठाने निलगिरीच्या जंगलात शिरायचं, समुद्राच्या कड्यांपर्यंत जायचं आणि दुसऱ्या वाटेने परत येऊन मंडळाच्या अंगणात जेवायला बसायचं. मागच्या वर्षी फेरीतले एकोणीस जण जेवायला आलेच नाहीत. ते संध्याकाळी सापडले, ते शेजारच्या गावात एका लग्नात. सायकलच्या तंग चड्ड्या घालून नवरीच्या मावश्यांबरोबर नाचत होते.

त्यानंतरच्या बैठकीत बेल्मिरोचा मेहुणा आर्सेनियो हसला. आर्सेनियोचा गावात कॅफे होता आणि अध्यक्षपदावर त्याचा नऊ वर्षांपासून डोळा होता. त्या हसण्याने बेल्मिरोचं डोकं फिरलं आणि तो सगळ्यांसमोर बोलून बसला, "पुढच्या फेरीत एक जरी माणूस हरवला, तर त्याच संध्याकाळी मी खुर्ची सोडतो!" आर्सेनियोने हे वाक्य जसंच्या तसं बैठकीच्या वहीत लिहून घेतलं आणि खाली तारीखही घातली.

म्हणून यंदा बेल्मिरो वाटेच्या खुणेच्या फिती बांधताना हात आखडता घेत नव्हता. जिथे एक पुरली असती तिथे तो तीन बांधत होता. वाट कुणाच्या फोनमध्ये घालायला मात्र त्याचा सक्त नकार होता. "फोनमध्ये वाट घातली की पुढच्या वर्षी शेजारचं गाव चोरणार," असं त्याचं म्हणणं. बेचाळीस किलोमीटरचा सगळा भरवसा त्या फितींवर होता.

परतीच्या वाटेवर, तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, ज्यांच्या सालीची बाटल्यांना बुचं होतात असे सात ओक वृक्ष एका रांगेत उभे आहेत. त्यांच्या एका बाजूला फेलिझबेलाबाईंचं शेत, दुसऱ्या बाजूला एर्मिनियोचं. मधला जेमतेम एका बसच्या रुंदीचा पट्टा नेमका कुणाचा, यावरून दोघांचं तीस वर्षं वाजत होतं. कोयता घेऊन बाई पट्ट्यात शिरल्या की एर्मिनियो धावून यायचा, आणि एर्मिनियो शिरला की बाई. परिणामी त्या पट्ट्यातल्या झुडपाला तीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता. चिकट पानांची ती झुडपं कमरेच्या वर गेली होती आणि त्यातून बकऱ्यांनी पाडलेली एक पायवाट तेवढी होती. बेल्मिरोने त्या पायवाटेवर बारा फिती बांधल्या, पुढे नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर आणखी पंधरा बांधल्या आणि शीळ घालत घरी गेला.

दुपारी फेलिझबेलाबाई कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर आल्या आणि ओकांवर नारिंगी फिती पाहून जागीच थांबल्या. मागच्या उन्हाळ्यात जमिनी मोजायला माणसं आली होती. त्यांनीही झाडांना अशाच फिती बांधल्या होत्या, आणि जिथे फिती तिथे हद्द. बाईंच्या दृष्टीने आता काही विचारायचं उरलं नव्हतं.

"मेल्याने गुपचूप मोजणी करून घेतली!" त्या कोंबड्यांना म्हणाल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या बाईने बाराच्या बारा फिती सोडल्या आणि एर्मिनियोच्या शेताला पलीकडून वळसा घालून, थेट त्याच्या डुकरांच्या गोठ्यामागून नेऊन बांधल्या. एवढी जमीन आपली नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण आधी जास्त मागावं आणि मग थोडं सोडावं, एवढा व्यवहार त्यांना कळत होता.

एर्मिनियो डुलकी काढून उठला तर गोठ्यामागे फिती. तो जात्याच धूर्त. त्याने एकाही फितीला हात लावला नाही. "मी या काढल्या की ही बाई कोर्टात जाऊन रडणार," त्याने हिशोब केला. "त्यापेक्षा आपणही आपली हद्द दाखवू." पण फिती आणायच्या कुठून? शोधताना त्याला नदीच्या उतारावर पंधरा फिती लटकलेल्या दिसल्या. त्याने त्या सगळ्या काढून फेलिझबेलाबाईंच्या शेताला बाहेरून फेरा घालत, त्यांच्या खुराड्याला लागून बांधल्या.

अशा रीतीने ओकांच्या एका बाजूने फितींची रांग खाली जात होती आणि दुसऱ्या बाजूने तशीच रांग वर येत होती. दोन्ही टोकं एकमेकांना मिळाली होती. नदीकडे जाणाऱ्या वाटेवर औषधालाही फीत नव्हती.

रविवारी साडेआठ वाजता एकशे त्रेचाळीस सायकलस्वार निघाले. निलगिरीतून गेले, ओढे ओलांडले, समुद्राच्या कड्यावर फोटो काढले आणि साडेअकराच्या सुमाराला पहिला गडी ओकांपाशी पोचला. लाल हेल्मेट, भरघोस दाढी. फितींच्या मागोमाग तो डुकरांच्या गोठ्यामागून खाली उतरला, तळाशी वळला आणि खुराड्याजवळून वर आला.

"सुप्रभात, बाई!" तो ओरडला.

"सुप्रभात," फेलिझबेलाबाई अंगणात उभ्या राहून म्हणाल्या. त्यांना काही कळेना. पाठोपाठ आणखी दहा गेले, मग तीस, मग मोजदादच संपली. कोंबड्या छपरावर चढल्या. पलीकडे डुकरांनी कुंपण तोडलं. आणि थोड्या वेळाने तोच लाल हेल्मेटवाला पुन्हा आला.

"सुप्रभात, बाई!"

"मघाशी म्हणालास की रे!"

"ते तुमच्या बहिणीला म्हणालो असेन! खालच्या शेतात अगदी तुमच्यासारख्याच एक बाई होत्या!"

सगळ्यांत पुढे कोण आणि सगळ्यांत मागे कोण, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. जो तो समोरच्याच्या मागे जोर लावत होता. शर्यत नसताना शर्यत लागली. चौथ्या फेरीला लाल हेल्मेटवाला "शुभ दुपार" म्हणाला, कारण तोवर बारा वाजून गेले होते. सहाव्या फेरीला त्याने बाईंच्या गुडघ्याची चौकशी केली.

इकडे मंडळाच्या अंगणात टेबलं मांडून झाली होती. ग्रासिएतने चार मोठ्या पातेल्यांत कोकराच्या मटणाचा रस्सा रटरटत ठेवला होता आणि पावाचे काप टोपल्यांत भरून तयार होते. एक वाजला, दीड वाजला. रस्त्यावर एक कुत्रा सोडून काही हललं नाही. बेल्मिरो दर दोन मिनिटांनी कोपऱ्यापर्यंत जाऊन येत होता. त्याचा चेहरा उतरला होता.

आर्सेनियो खुर्चीत रेलून ऑलिव्ह खात होता. "दाजी, मागच्या वर्षी एकोणीसच होते ना?"

"गप बस."

"नाही, प्रगती आहे म्हणतोय मी. मी आपलं पोलिसांच्या गार्डला कळवलंय हं. एकशे त्रेचाळीस माणसं बेपत्ता म्हणजे चेष्टा नाही."

"गार्डला? अरे घरातला माणूस ना तू?"

"घरातला आहे म्हणून तर काळजी वाटते," आर्सेनियो म्हणाला आणि त्याने ऑलिव्हची बी लांब उडवली.

ग्रासिएतने भावाकडे एकदा पाहिलं आणि डाव खाली ठेवला. "बेल्मिरो, ट्रॅक्टर काढ. पातेली वर चढव. माणसं जेवणाकडे येत नाहीत तर जेवण माणसांकडे जाईल. बाकी खुर्चीबिर्चीचं संध्याकाळी बघू."

ट्रॅक्टर नदीच्या बाजूने उलट्या वाटेने वर चढला. उतारावर एकही फीत नाही हे पाहून बेल्मिरोने ट्रॅक्टरचा वेग वाढवला. ओकांपाशी पोचल्यावर त्याने पाहिलं, की आपल्या फेरीतली झाडून सगळी माणसं दोन शेतांभोवती गोल गोल फिरताहेत. मधोमध एर्मिनियो एक डुक्कर कवेत धरून उभा आहे आणि फेलिझबेलाबाई त्याला शिव्या देताहेत.

ग्रासिएतने डाव पातेल्यावर वाजवला. तो आवाज ऐकताच एकशे त्रेचाळीस सायकली एकदम थांबल्या. सगळ्यांनी पट्ट्यातल्या झुडपांत जिथे जागा मिळाली तिथे बसकण मारली.

आता त्या भागात आपल्या जमिनीवर बसलेला माणूस उपाशी किंवा कोरडा ठेवणं म्हणजे सात पिढ्यांची नाचक्की. फेलिझबेलाबाई घरात गेल्या आणि शोरिसू सॉसेजच्या माळा घेऊन आल्या. "खा रे पोरांनो. माझ्या जमिनीवर आलात, संकोच करायचा नाही!"

"तुमची कधी झाली?" एर्मिनियो डुक्कर सोडून धावला आणि घरच्या वाइनची दोन पिंपं लोटत घेऊन आला. "पाहुणे माझे आहेत. माझ्या जमिनीवर माझीच वाइन प्यायची!"

बाईंनी हॅम आणलं. त्याने चीज आणलं. बाईंनी मध घातलेले वडे आणले, त्याने मेद्रोन्योच्या फळांची घरी गाळलेली दारू काढली. दोघं एकमेकांकडे खुन्नसने बघत वाढत होते आणि लाल हेल्मेटवाला दोन्ही हातांनी खात होता.

तेवढ्यात गार्डची जीप आली. मागून आर्सेनियो मोपेडवर, बैठकीची वही काखेत धरून. गार्डने खाली उतरून माणसं मोजली. दोनदा मोजली. "एकशे त्रेचाळीस. बेपत्ता झालेली माणसं दुसऱ्यांदा रस्सा मागताना मी आजच बघतोय."

"पण साहेब, ती चुकली होती!" आर्सेनियो म्हणाला.

"मग आता सापडली." गार्डला रविवारच्या जेवणावरून उठवून आणलं होतं आणि रिकाम्या हाताने परत जायचा त्याचा विचार नव्हता. त्याची नजर पट्ट्यावरून फिरली. "हे झुडूप कुणाचं? एप्रिल संपायच्या आत सगळं कापून साफ हवं, माहीत आहे ना? उन्हाळ्यात वणवा लागला तर या सात झाडांपासून थेट समुद्रापर्यंत जाईल. मालक कोण?"

फेलिझबेलाबाईंनी हातातला शोरिसू पदार्थांच्या ढिगावर ठेवला आणि एर्मिनियोकडे बोट केलं. "त्यांची जमीन. पहिल्यापासून त्यांचीच."

"छे छे!" एर्मिनियोने छातीवर हात ठेवला. "माझा बाप मरताना सांगून गेला, तो पट्टा फेलिझबेलाच्या माहेरचा आहे म्हणून."

"खोटारड्या! तुझा बाप झोपेत गेला!"

"झोपेतच म्हणाला!"

गार्डने सुस्कारा सोडून कागद काढला. "म्हणजे मालक कुणीच नाही. मग वापरतंय कोण? ही दीडशे माणसं इथे बसवली कुणी?"

या प्रश्नावर दोघांचं चटकन एकमत झालं. दोघांनी मिळून बेल्मिरोकडे बोट केलं. गार्डने मंडळाचं नाव लिहिलं, शिक्का मारला आणि कागद बेल्मिरोच्या हातात दिला. मग त्याने एक वाडगा रस्सा घेतला, एक बरोबर बांधूनही घेतला.

संध्याकाळी सहाला बैठक भरली. बेल्मिरो किल्ली हातात धरून उभा राहिला. नऊ वर्षं त्याने त्या खुर्चीवर जीव लावला होता. टपालातून निवृत्त झाल्यावर सकाळी उठून कुठेतरी जायला कारण उरलं होतं ते तिच्यामुळेच. पण तो शब्दाचा पक्का होता.

"माणसं हरवली नाहीत असं गार्ड म्हणतो," तो म्हणाला. "पण माझ्या फितींनी ती घरी आणली नाहीत, हेही खरं. ही मंडळाची किल्ली, ही वही आणि हा गार्डचा कागद. जो नवा अध्यक्ष होईल त्याने घ्यावं."

आर्सेनियो नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. त्याने किल्ली खिशात टाकली, चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. पुढची बाजू वाचून झाल्यावर त्याने कागद उलटला. मागची बाजू वाचायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने चष्मा काढला, किल्ली परत टेबलावर ठेवली आणि उठून उभा राहिला.

"मित्रांनो, मला बोलायचं आहे," तो म्हणाला. "आज या माणसाने काय केलं? तीस वर्षांचे दोन वैरी एका पातेल्यातून जेवायला बसवले. असा अध्यक्ष दुसरा मिळेल का आपल्याला? मी सुचवतो की बेल्मिरोदाजींनाच अध्यक्ष ठेवावं. आणि एका वर्षासाठी नाही, कायमचं! जिवंत असेपर्यंत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फेलिझबेलाबाईंचा आणि एर्मिनियोचा हात एकाच वेळी वर गेला. बेल्मिरोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्याने पुढे होऊन मेहुण्याला मिठी मारली.

"आर्सेनियो, तुझ्याबद्दल फार वाईट विचार करत आलो रे मी. माफ कर मला."

"असू दे दाजी, असू दे," आर्सेनियो त्याची पाठ थोपटत म्हणाला आणि कॅफे उघडायचा आहे म्हणून लगबगीने निघून गेला.

घरी आल्यावर ग्रासिएतने कागद मागून घेतला आणि दिव्याखाली धरला. पुढच्या बाजूला पट्टा साफ करण्याचा हुकूम होता. मागची बाजू तिने मोठ्याने वाचली. "हे काम संस्थेच्या अध्यक्षाने स्वतः, स्वतःच्या हाताने करायचं आहे. दर वर्षी, तीस एप्रिलच्या आत. अध्यक्षपदी असेपर्यंत."

बेल्मिरोने कागद परत घेऊन त्याची घडी घातली. मग त्याने विचारलं, "ती झुडपं फार चिकट असतात का गं?"

"हातमोजे घेऊन जा," ग्रासिएत म्हणाली. "आणि या वेळी नकाशाही घे. तू डोळे मिटून निघशील, आणि कापून येशील भलत्याचंच शेत."