प्रेस नंबर दोन

सहा ताटं, चार पातेली, नऊ चमचे, दोन झाकणं आणि एक आई. मंगळवारी संध्याकाळी ओट्यापाशी एवढंच होतं. आवाज मात्र लढाईचा!

"आज जास्तच चिडलीये," बाबा पेपरमागून कुजबुजले.

"कुजबुजून काय होणार? पुरावा हवा! रागाचा आलेख काढला की कारण सापडलंच म्हणून समजा!" मोजपट्टी म्हणाली.

मोजपट्टी म्हणजे त्यांची लेक. विज्ञानाची पदवी घेतल्यापासून घरात तिला हेच नाव पडलं होतं. नोकरीही कारखान्यांतला आवाज मोजायची. नऊ दिवसांनी ती बदलीच्या गावी निघणार होती, आणि तीन आठवड्यांपूर्वी बदलीचं पत्र आल्यापासून आई तिच्याशी धड चार वाक्यं बोलली नव्हती. अशी तोंड फिरवलेली आई सोडून जायचं, या विचाराने तिच्या पोटात गोळा यायचा. पण पोटातला गोळा मोजायचं यंत्र ऑफिसात नव्हतं. आवाजाचं होतं. ते तिने बरण्यांमागे लपवलं.

पातेलं: अठ्ठ्याऐंशी डेसिबल. झाकण: ब्याण्णव. बाबांनी "बॅग कधी भरायची गं?" असं विचारलं, तेव्हा ताट: सत्त्याण्णव!

'ताट हे मुख्य कारण दिसते,' मोजपट्टीने वहीत लिहिलं.

फक्त एक गोष्ट ती विसरली. यंत्र सगळे आकडे आपोआप ऑफिसात पाठवायचं, आणि त्यावर ठिकाण अजून सकाळचंच होतं: पत्र्याचा कारखाना, पत्रा दाबणारं मशीन, प्रेस नंबर दोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. हात साबणाचे, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"अगं, प्रेस नंबर दोन सत्त्याण्णववर गेलंय! मी मशीन बंद करवलं. मिस्त्रीने सगळे नटबोल्ट उघडून ठेवलेत, दोष सापडेना!"

"सर, ते... प्रेस नाहीये."

"मग काय आहे?"

"आई."

आईचा झारा हवेतच थांबला.

"कुणाची?"

"माझीच, सर."

साहेबांचा जन्म यंत्रांत गेलेला. ते सवयीने म्हणाले, "बरं. पण आवाज असा उगाच वाढत नाही. कुठेतरी ताण असणार. विचारलंस का?"

"नाही विचारलं!" आई झाऱ्यासकट फोनवर चालून गेली. "तीन आठवडे झाले, एकदा नाही विचारलं! मोजलं मात्र! आठ दिवसांनी निघालीये ही. मी रडले तर हिचा पाय निघायचा नाही, म्हणून भांडी आपटतेय मी!"

"मी... प्रेस चालू करायला सांगतो," साहेब घाईघाईने म्हणाले आणि फोन बंद झाला.

मोजपट्टी ताट धरून उभी. "मला वाटलं, तू माझ्यावर चिडलीस."

"चिडलेच आहे! पत्र आलं म्हणून कशी हसत हसत सांगत आलीस!"

"हसत नव्हते गं. घाबरले होते."

"मग तसं सांगायचं की, शहाणे!"

"तू सांगितलंस?"

आईने पदराने आधी लेकीचे डोळे पुसले, मग स्वतःचे. बाबांनी पेपर खाली ठेवला. तो उलटा होता.

संध्याकाळी दोघी मिळून भांडी घासायला उभ्या राहिल्या. "लाव ते यंत्र," आई म्हणाली, "कळू दे तुझ्या साहेबांना."

वेळ: एक तास दहा मिनिटं. सर्वाधिक आवाज: त्रेपन्न डेसिबल. मुख्य कारण: गप्पा.