हवालदार तात्यांचं तांबडं आभाळ

उंब्रजहून कऱ्हाडला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत आमचे सखाराम हवालदार नेहमी उलटे बसायचे. म्हणजे सगळी मोटार दक्षिणेला तोंड करून निघालेली आणि तात्या मात्र बाकावर गुडघे टेकून मागं साताऱ्याकडचं आभाळ न्याहाळताहेत. मागचा उतारू बिचारा किती वेळ नजर चुकवणार? शेवटी "काय पावणं, कुठलं तुमी?" असं विचारायचाच. झालं! कऱ्हाड येईपर्यंत मग त्याची सुटका नसे.

लग्नाच्या पंगतीतही तीच तऱ्हा. लोक समोरासमोर जेवताहेत आणि हे एकटे उत्तरेच्या भिंतीकडं तोंड करून. वाढप्याला वाटायचं, हा कुणीतरी रुसलेला व्याही असणार. मग तो बिचारा त्यांना दोनदा जिलबी वाढून जायचा. न्हाव्याचे हाल विचारू नका. त्यानं हनुवटी धरून वळवली की तात्या पुन्हा उत्तरेला. त्या ओढाताणीत मिशीची एक बाजू कायमची आखूड राहिली.

लढाईवरून येताना कुणी बूट आणले, कुणी कांबळी आणली. तात्यांनी एक गोष्ट आणली. माझं स्टँडजवळ चहाचं दुकान, त्यामुळं ती रोज संध्याकाळी ऐकणं माझ्या नशिबी आलं.

"इटलीत हुतो. लढाई थांबली हुती, आगबोटीची वाट बघत हुतो. सांजचं जेवान झालं. माझ्यासंगट आपल्या गावचा मारुती, त्येनं वर बघितलं, तर उत्तरंला डोंगरामागं समदं तांबडं! मारुती वराडला, 'कडब्याची गंज पेटली रं!' आन बादली घिऊन पळाला की गडी!"

आता दुसरी कुठली पलटण असती तर बंदुका घेऊन धावली असती. आमची माणसं परमुलखात कुणाचा तरी कडबा वाचवायला बादल्या घेऊन धावली. एक टेकडी चढले, दुसरी चढले, पाणी हिंदकळून तात्यांच्या बुटात गेलं, पण आग काही जवळ येईना.

"मग त्या तांबड्यात हिरवं पट्टं हलाया लागलं. दोरीवरचं लुगडं वाऱ्यानं हलतंय, तसं. आवाज न्हाई, धूर न्हाई. आमी बादल्या खाली ठिवल्या आन नुसतं उभं ऱ्हायलो. आपुन जमिनीवर हाय का न्हाई, त्येबी कळंना."

इथं तात्यांचा आवाज हळू व्हायचा. भजी तळता तळता माझाही झारा थांबायचा, खोटं कशाला सांगू? मग ते खाकरून म्हणायचे, "सायेब म्हनला, ह्यो ध्रुवाकडला उजेड. इतक्या खाली कवातरीच येतोय. आता बघ गड्या, इटलीपातूर आला, तर सातारा काय लय लांब हाय?"

"आला तर त्याला पहिला चहा माझ्याकडं पाजा," मी म्हणायचो.

पण ही गोष्ट ते मला सांगत नव्हते, हे मला ठाऊक होतं. माझ्या पायरीशेजारी गोजराक्का भाजलेल्या शेंगांची पाटी घेऊन बसायची. मारुती तिचा एकुलता एक. तो आणि तात्या एकाच आळीतले, बरोबर भरती झालेले. ते आभाळ बघितल्यावर थोड्याच दिवसांत तिकडंच एका घाटात लॉरी उलटली आणि मारुती गेला. सगळी लढाई निभावली आणि शेवटी असा गेला. तात्या परत आले तेव्हा गोजराक्कानं एवढंच विचारलं, "दोघं गेलासा, मग एकलाच कसा आलास?" त्यानंतर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

मी एकदा वैतागून म्हटलं, "तात्या, तिला ऐकवायचंय ना? मग जाऊन तिच्यापुढं बसा की!"

"आन तिनं तोंड फिरवलं तर?" तोफांपुढं उभा राहिलेला माणूस मला विचारत होता. "एकदा तिनं आपनहून इचारावं, गड्या. तिचा ल्योक कसा हुता, येवढं तिला सांगायचं हाय. दुसरं काय नगं मला."

एका संध्याकाळी कऱ्हाडचा एक अडत्या चहाला थांबला होता. गोष्ट ऐकून तो खो खो हसला. "म्हणजे तुमचा मारुती आभाळ विझवायला निघाला म्हणा की! खुळाच दिसतोय."

तात्यांना स्वतःला काहीही म्हणा, ते हसून सोडून देत. पण त्या दिवशी ताडकन उठले. कपातला चहा सदऱ्यावर सांडला.

"त्याला हसायचं न्हाई! दुसऱ्याचा कडबा जळतोय म्हनून अनवानी पळाला त्यो!"

अडत्यानं कप खाली ठेवला. शेजारून आवाज आला.

"अनवानी?"

गोजराक्का बोलली होती. तात्यांकडं बघत होती.

"पायांत काय न्हवतं व्हय रं त्याच्या?"

तात्या पायरी उतरले आणि तिच्यापुढं मातीतच बसले. "न्हवतं, आये. बूट काढून बसला हुता. उठला त्यो तसाच पळाला."

"थंडी हुती?"

"लय. परत आल्यावर पाय निळं पडलं हुतं. मी ईट तापवून शेक दिला. तर हसतोय! म्हनला, आयेला सांगू नगंस, वराडंल ती."

"वराडलेच असते," गोजराक्का म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळ्यांसमोर रडली. तात्याही रडत होते. मी भज्यांकडं बघत बसलो, माझं तरी काय निराळं होतं?

मग तिनं पदरानं तोंड पुसलं, शेंगांची पाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "आता पयल्यापास्नं सांग. मी कवा नीट ऐकलंच न्हाई."