हडळीला अभिनय येईना

हडळीच्या चेहऱ्यात जीव नाही, असं दिग्दर्शकाने दोनदा कळवलं, तेव्हा अ‍ॅनिमेटरने ठरवलं, आता तिचा अभिनय आपणच करायचा. पाचपर्यंत शॉट पसंत पडला नाही, तर अख्खा चित्रपट हातचा जाणार होता. त्याने बायकोचा फोन स्टँडवर लावला (स्वतःच्या फोनचा कॅमेरा फुटला होता, कसा ते विचारू नका), चेहरा टिपणारं अ‍ॅप चालू केलं आणि दात विचकले. फोनपुढे माणूस जे तोंड करील, तेच कॉम्प्युटरमधली हडळ करणार. तिने केलंही, पण दाढ दुखत असल्यासारखं. वैतागून तो सगळं तसंच टाकून अंघोळीला गेला.

तीन वाजता परतला, तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. स्क्रीनवर हडळीचं राखाडी डोकं होतं. अजून ना रंग, ना केस. ते हळूच वळलं.

त्याने माउसकडे पाहिलं. माउस जागच्या जागी. त्याने कीबोर्डची वायर उपटली. हडळीने एक भुवई वर केली आणि ती त्याच्याकडे बघत राहिली, अगदी ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी.

त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. मग तिचे ओठ हलले. आवाज नाही. ओठांवरून शब्द ओळखणं हा तर त्याचा धंदाच. ओठ मिटले, फाकले. ‘मी... जाते. तू... बस... एकटा.’ तिचा खालचा ओठ थरथरला आणि भीतीच्या वर त्याला एकदम वाईटच वाटलं. कुणासाठी, ते कळेना.

ती दिसेनाशी होताच, त्याने रेकॉर्ड झालेला तुकडा रंगरूप न चढवता कच्चाच दिग्दर्शकाला पाठवला (भूत असलं तरी काम ते काम) आणि तो बायकोला हाका मारत पळाला.

बायको पलंगावर बसली होती. उशीला फोन टेकवलेला, शेजारी भरलेली बॅग.

“तू अंघोळीला गेलास, तेव्हा माझा फोन तुझ्या स्टँडवरून काढून आणला. त्यात माझंच तोंड दिसत होतं, म्हणून आरशासारखा ठेवला. तुला सांगायचं ते म्हणून बघत होते. वीस दिवसांत तू एकदा मान वर करून बघितलं नाहीस माझ्याकडे.”

फोनमधलं अ‍ॅप चालूच होतं आणि हडळीच्या तोंडून तीच बोलत होती, हे त्याने चाचरत सांगितलं. इतक्यात दिग्दर्शकाचा निरोप आला : ‘हाच जीव हवा होता! उरलेले चाळीस शॉटही असेच करा.’

बायकोचा चेहरा जरा निवळला. “किती वेळ बघत होतास मला?”

“दहा मिनिटं. पापणीसुद्धा लवली नाही.”

“आणि अकरा वर्षांच्या संसारानंतर बायकोला ओळखलं नाहीस?”

“केस नव्हते ना,” तो म्हणाला.

बायकोने बॅगेची चेन ओढली. चाळीस शॉट बाकी होते आणि हडळ बहिणीकडे निघाली होती.