चार पॉइंट पाचचा पराक्रम

“नवा कॉम्प्युटर कशाला? ह्यालाच पळवून दाखवतो!” शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत ललितने जाहीर केलं. कापड कारखान्यांच्या गर्दीतल्या लिंबायतमधल्या दहा बाय बाराच्या खोलीत ऐकायला फक्त त्याची बायको गायत्री आणि त्याची माय मालतीबाई होत्या, पण आवाज मात्र भर मैदानातल्या सभेचा होता.

पळवायची गरजही तशीच होती. ललित साड्यांची डिझाइनं काढायचा. हात चांगला, रंगांची नजर चांगली, वाईट होता तो कॉम्प्युटर. मोठं डिझाइन उघडलं की तो आधी विचारात पडायचा, मग तापायचा आणि मग सरळ झोपी जायचा. मार्केटमधला व्यापारी समोर बसलेला असतानाच तो चार वेळा झोपला होता! हे बघून ललितचे वडील बन्सीलाल, म्हणजे नाना, यांनी पलसाण्याच्या एका डाइंगवाल्याशी, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखानदाराशी, बोलून पोराची सुपरवायझरची नोकरी पक्की करून टाकली. सोमवारी हजर! दिवसभर उकळत्या रंगाच्या वाफेत उभं राहायचं, आणि तो रंगही दुसऱ्याने ठरवलेला. ललितला नुसत्या कल्पनेने रडू यायचं.

नाना तीस वर्षं कापड विणायचे लूम दुरुस्त करत होते. पोराचा रडवेला चेहरा बघून त्यांनी एक अट घातली होती.

“बंद पडणारं मशीन लईसन तू धंदा करशी? मी लूम बांधस ना, तीन तास चालाडी दखस. एक तार तुटनी नही, तवयच मालकले सांगस. तुनं हाई डबडं तीन तास एक दममा चालाडी दखाड! पलसाणाले मी स्वतः नही म्हनसू.”

कॉम्प्युटर तीन तास न थांबता चालला, तर पलसाण्याला नाना स्वतः नकार कळवणार! ललित पेटला. त्याने आठवडाभर ओव्हरक्लॉकिंगचे व्हिडिओ पाहिले. प्रोसेसरला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूला, कंपनीने ठरवून दिलेला वेग असतो, त्याच्यापुढे त्याला पळवायचं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. कंपनीने दिला होता तीन पॉइंट सहा गिगाहर्ट्झ. व्हिडिओतला माणूस म्हणाला, चार पॉइंट दोनपासून सुरुवात करा. ललितने सुरुवात चार पॉइंट पाचपासून केली! थोडं व्होल्टेजही वाढवून दिलं. पळायला लावायचं तर नीट खायला नको का?

मग आली खरी परीक्षा. तिचं नाव स्ट्रेस टेस्ट. हा प्रोग्राम प्रोसेसरला तीन तास नुसता राबवून घेतो. तेवढ्यात तो कोसळला नाही तर तो पास. तापमान शंभरला टेकलं, की खेळ खलास.

“तीन तास कुणी मिक्सर लावायचा नाही, इस्त्री लावायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही!” ललितने हुकूम सोडला आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन कॉम्प्युटरच्या डब्याकडे वळवला. डब्याचं झाकण उघडून आत बघण्याची मात्र त्याची छाती झाली नाही. जे काय करायचं ते कीबोर्डवरून!

“आणि आम्ही उकडून मरायचं?” गायत्रीने विचारलं.

“फक्त तीन तास!”

बरोबर अकराला टेस्ट सुरू झाली. पडद्यावर एक लाल रेघ धावू लागली आणि बाजूला तापमानाचा आकडा चढू लागला. सत्तर, ऐंशी, नव्वद. ब्याण्णववर येऊन आकडा थांबला. ललित बनियनवर, कानात इअरफोन, घामाने निथळत त्या रेघेकडे डोळे लावून बसला. एक तास झाला. दोन झाले. रेघ धावत होती! ललितचा ऊर भरून आला. सोमवारी आपण इथेच, ह्याच खुर्चीवर, आपल्या मनाच्या रंगात!

तेवढ्यात मायचा फोन वाजला. बमरोलीहून तिची बहीण, इंदुमावशी.

“ललित काय करी राह्यना?” मावशीने विचारलं.

मालतीबाई तोंडाला पदर लावून कुजबुजल्या, “त्यानी ष्ट्रेस टेस्ट चालू शे! तीन तासनी! ताप ब्याण्णव व्हई गया. शंभर व्हयना का खलास म्हणस!”

ललितने डोळे वटारले. मायने घाबरून फोन कट केला.

झालं! इंदुमावशीचे यजमान सुकदेवकाका यांची मागच्याच वर्षी दवाखान्यात स्ट्रेस टेस्ट झाली होती, ती हृदयाची, पट्ट्यावर पळवून करतात ती. मावशी काकांकडे वळून ओरडली, “माय व! तुम्हले नऊ मिनिटमा खाले उतारं व्हतं, आन् पोऱ्या तीन तास पळी राह्यना!”

पुढच्या पाच मिनिटांत तिने नानांच्या कारखान्यात फोन केला. शंभर लूमच्या खडखडाटात ज्याने उचलला त्याला ‘ललित’ आणि ‘खलास’ एवढे दोनच शब्द ऐकू आले. ते त्याने इमानदारीने नानांना पोचवले.

इकडे मावशी, काका आणि शेजारच्या तीन बायका एका रिक्षातून लिंबायतला येऊन थडकले. हातात सहा शहाळी! दारातून मावशीने पाहिलं, तर भाचा घामाघूम, कानातून वायर लोंबतेय आणि पडद्यावर लाल रेघ वरखाली होतेय. तिची खात्रीच पटली!

“हाई तुन्ही रेघ का रे, भाऊ?”

“हो मावशी, बाजूला हो! ब्याण्णववर टिकलीय, वीस मिनिटं राहिली फक्त!”

“वीस मिनिटं राह्यन्यात!” मावशीने हंबरडा फोडला. तीन बायकांनी तिला साथ दिली. काकांनी ललितला खुर्चीवरच मागे रेलवलं, गायत्रीच्या हातातलं पाण्याचं भांडं घेऊन त्यात टॉवेल भिजवला आणि त्याच्या डोक्यावर थापला.

“अहो काका, ते ठीक आहेत!” गायत्री ओरडत होती. “कॉम्प्युटरची टेस्ट आहे ती!”

ऐकतो कोण? आठ माणसांनी खोली भरली. त्यातच मावशीने पुण्यकर्म केलं. “पोऱ्या उकडीसन मरी राह्यना, आन् पंखा डबाले?” असं म्हणत तिने टेबलफॅन कचकन फिरवून ललितच्या छातीवर सोडला.

“मावशी, नको!” ललित टॉवेलाखालून किंचाळला. “पंच्याण्णव... अठ्ठ्याण्णव...”

शंभर! लाल रेघ नाहीशी झाली. पडदा काळा पडला.

“गया व माय, गया!” मावशीने बसकण मारली.

“मेला!” ललित स्वतः ओरडला. “मेला बिचारा!”

नेमके त्याच क्षणी नाना दारात आले. लूम साफ करता करता तसेच धावत सुटलेले. अंगभर धाग्यांचं भुसकट, हातात ते उडवायचा हवेचा ब्लोअर, त्याची वायर पार गल्लीच्या तोंडापासून फरफटत आलेली. त्यांनी रडणाऱ्या बायका पाहिल्या आणि ते उंबऱ्यातच बसले. मग त्यांना टॉवेल बांधलेला, चांगला ठणठणीत ललित दिसला.

“कोन मेला?” त्यांनी विचारलं.

“प्रोसेसर, नाना.”

नानांनी डोळे पुसले. ललितला आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि त्याला पलसाण्याचाही विसर पडला. पण घटकाभरच! नानांना संताप यायच्या आत तो उठून उभा राहिला.

“नाना, वीस मिनिटं कमी पडली. मी पुन्हा करणार. आत्ता, तुमच्यासमोर. पूर्ण तीन तास!”

नानांनी डब्यावर हात ठेवला आणि चटका बसून झटकला. आयुष्यभर मशीनंच पाहिलेल्या त्या माणसाने एकच शब्द उच्चारला.

“उघाड.”

झाकण उघडलं. आत प्रोसेसर नव्हता, गादी होती! आजूबाजूच्या कारखान्यांतून उडणारं सगळं भुसकट इतकी वर्षं तिथे मुक्कामाला आलेलं. आतला छोटा पंखा त्या गादीत कधीचा झोपला होता.

“एवढा कचरामा ते मना लूमबी चालाव नही!” असं म्हणत नानांनी ब्लोअरची पिन बोर्डात खोचली आणि बटण दाबलं.

सगळे पांढरेफटक झाले. शहाळीसुद्धा! ललित शिंकत, डोळे चोळत कोपऱ्यात गेला. इकडे गायत्रीने कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर चार ओळी इंग्रजी उमटलं.

“काय म्हणस ते?” नानांनी विचारलं.

सुकदेवकाकांनी चष्मा पुसून शेवटची ओळ वाचली. “एफ टू दाबा, असं लिहिलंय.”

“मंग दाबा ना! मशीन सांगस ते पहिले ऐकनं!”

काकांनी दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. ललित शिंका आवरून परत आला तेव्हा त्याच्यासमोर नेहमीचा पडदा होता. त्याने टेस्ट लावली. नाना समोर पाट टाकून बसले, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. मावशी शहाळं पीत बसली. कुणी हललं नाही.

आणि काय सांगावं! आकडा बासष्टच्या वर गेलाच नाही. एक तास, दोन तास, तीन तास! साडेपाचला पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. पास! मग ललितने सगळ्यात मोठं डिझाइन उघडलं. चुटकीसरशी पडद्यावर मोर नाचला!

“बघितलं नाना? ह्याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग! चार पॉइंट पाच! कंपनीला जमलं नाही ते मी घरात बसून केलं!”

नानांनी लेकाच्या पाठीवर थाप मारली आणि दिल्या शब्दाला जागून लगेच पलसाण्याला फोन लावला. “नही शेठ, ललित येणार नाही. अहो, त्याने मशीनचा स्पीड वाढवला! तुमच्या ऑफिसचेही कॉम्प्युटर पाठवा, पोऱ्या सगळे पळवून देईल!”

ललितची छाती फुगली होती. तेवढ्यात गायत्री पडद्याकडे वाकली. खालच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून तिने हळूच विचारलं, “अहो, चार पॉइंट पाच ना? मग इथे तीन पॉइंट सहा का दिसतंय?”

ललितने पाहिलं. पुन्हा पाहिलं. बंद पडल्यावर कॉम्प्युटरने विचारलं होतं, तुझा हा उद्योग पुसून कंपनीचा मूळ वेग ठेवू का? आणि सुकदेवकाकांनी एफ टू दाबून सगळ्यांच्या वतीने ‘हो’ म्हटलं होतं.

तिकडे नाना फोनवर सांगत होते, “किती? दहा कॉम्प्युटर? पाठवा, पाठवा!”

ललितने ब्लोअरकडे पाहिलं.

“नाना,” तो म्हणाला, “तेवढा ब्लोअर कारखान्यात परत नेऊ नका.”