साहेब झोपलेत

"उजनी धरणाच्या काठावर दोन दिवस राहायचं आणि मी काहीही करणार नाही. बघाच तुम्ही," महेश्वरने घरात जाहीर केलं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता आणि मागच्या तिन्ही सुट्ट्या त्याने फोनवरून मशीन दुरुस्त करण्यात घालवल्या होत्या. यंदाही तसंच झालं, तर पुढच्या वेळी त्याला सोडून जायचं, असं त्याची बायको भुवनेश्वरी, दोन्ही मुली आणि आई पार्वतम्मा यांनी ठरवूनच टाकलं होतं.

लाल कौलांच्या कॉटेजवर पोचताच भुवनेश्वरीने त्याचा फोन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर तो म्हणाला, "मी झोपतो. उठवू नका." खोलीचं दार त्याने ओढून घेतलं. खोलीला पाण्याच्या बाजूला आणखी एक दार होतं. ते उघडलं तर समोर जानेवारीचं कोवळं ऊन आणि काठाला बांधलेली पत्र्याची होडी. पलंगापेक्षा ही बरी, असं वाटून तो उशी घेऊन होडीत आडवा झाला. पाणी खालून हळूहळू थोपटत होतं. आभाळातून पांढऱ्या पक्ष्यांची रांग सावकाश जात होती. ती मोजता मोजता त्याचा डोळा लागला. दोरीची गाठ सैल होती, हे त्याला कळलंच नाही.

"पावणं, उटा की."

महेश्वरने डोळे उघडले. गुडघाभर पाण्यात एक माणूस होडी धरून उभा होता. मागे बाभळीखाली जाळी वाळत होती आणि एक बाई चुलीवर भाकरी थापत होती. पाण्यावरच्या धुरकट हवेत कॉटेज कुठेच दिसेना.

"हे कुठलं गाव?"

"पल्याडचं," तो म्हणाला. तो मासेमारी करणारा सयाजी. "तुमी निजूनच आलाव व्हय?"

महेश्वर ताडकन उठून बसला. रिकामा काठ, आईचा आकांत, पाण्यात उतरलेला अख्खा गाव, सगळं डोळ्यांपुढे आलं. त्याने सयाजीचा फोन मागितला. पण नंबर पाठ होता तो फक्त स्वतःचा. त्याने तोच लावला.

"हॅलो," पलीकडून भुवनेश्वरी कुजबुजली. "साहेब झोपलेत. उद्या करा." फोन बंद.

त्याने पुन्हा लावला. "अगं, मी महेश्वर."

"कुठल्या डिपार्टमेंटचे?"

"भुवना, मीच बोलतोय. धरणाच्या पलीकडून."

खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग पाण्याकडचं दुसरं दार करकरलं.

"अहो, दोन तास आम्ही कुजबुजतोय," ती म्हणाली. "मुलींना अंगणात सोडलं नाही. सासूबाई तर खोकला दाबून बसल्यात."

"होडीत झोपलो होतो. दोरी सुटली," तो म्हणाला.

"ठीक आहात ना?" तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"हो. बाभळीखाली बसलोय."

"सावली आहे?"

"चांगली आहे."

"मग ते भाऊ आम्हालाही तिकडं आणतील का, विचारा."

सयाजीने इंजिनाची होडी काढली. तासाभराने सगळे बाभळीखाली होते. पार्वतम्मांनी उतरताच पोटभर खोकून घेतलं आणि "अय्यो, शिवा," म्हणत त्या जाळ्यांच्या ढिगाला टेकल्या. ही मंडळी मासे खात नाहीत म्हटल्यावर सयाजीच्या बायकोने, बजाबाईने, शेंगदाण्याची चटणी काढली. जेवणं झाली तरी उठावंसं कुणालाच वाटेना. मुली पाण्यात पाय सोडून बसल्या. भुवनेश्वरी कुणाशी न बोलता नुसती पाण्याकडे बघत राहिली. तिला इतकी निवांत महेश्वरने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

दुपार कलली. धुरकट हवा निवळली आणि पाण्यापलीकडे, केळीच्या बागेला टेकून, लाल कौलांचं एक चिमुकलं घर उन्हात चमकायला लागलं.

"रोज हितनं बघती मी त्या घराकडं," बजाबाई म्हणाली. "कोन ऱ्हात आसंल वो तितं? लई सुखी मानसं आसतील."

"आम्हीच," महेश्वर म्हणाला आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.