आधी चुंबळ

आमचे भोईर सर बोलता बोलता मधेच दोन्ही हात डोक्यावर नेतात आणि तिथे नसलेली चुंबळ सारखी करतात. बायका हंड्याखाली कापडाची गोल वळी ठेवतात ना, तीच. समोरच्याने एका दमात दोन गोष्टी सांगितल्या की सरांचे हात वर गेलेच म्हणून समजा. "थांबा! आधी चुंबळ, मग हंडा."

कर्जतजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात ते मेकॅनिक्स शिकवतात. मी त्यांच्याच विभागात. एकदा दाखल्यासाठी आम्ही खालापूरच्या तहसील कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने सहा कागदांची नावं एका श्वासात म्हटली. सर म्हणाले, "एक सांगा. तो आणतो. मग दुसरा सांगा." आणि खरोखरच एकेक कागद आणून देऊ लागले. चौथ्या खेपेला कारकुनाने हात जोडले आणि यादी लिहून खिडकीवर चिकटवली.

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सर ऑनलाइन धडे करतात, तेही जेमतेम सात मिनिटांचे. पडद्यावर एक तुळई, तिच्यावर भार दाखवणारा एक बाण. बाणाचं नाव बाणालाच चिकटलेलं; कोपऱ्यात यादी देऊन मुलांची नजर पळवायची नाही. एक गणित पूर्ण सोडवून दाखवायचं, दुसरं अर्ध्यावर सोडायचं, तिसरं मुलांच्या गळ्यात. मी एकदा मधे घालायला विनोद सुचवला, तर म्हणाले, "तुमचा विनोद तुळई पेलतो का? मग पोरांच्या डोक्यात जागा का अडवतो?" चांगला होता हो माझा विनोद!

प्राचार्यांना हे पटेना. त्यांना धडा पन्नास मिनिटांचा हवा, मागे संगीत, कोपऱ्यात कॉलेजचं फिरतं बोधचिन्ह. सोमवारपर्यंत बदल झाला नाही, तर सगळे धडे काढून पहिलं वर्ष मला देणार. भर बैठकीत सर म्हणाले, "चिन्ह फिरलं की पोरांचं डोकं फिरतं. मी नाही करणार." मग समजूत काढायला माझीच रवानगी झाली.

रविवारी सकाळी कर्जतजवळच्या कोंडाणे गावात त्यांच्या घरी गेलो. सर पडवीत फळ्यासमोर मोबाइल लावून बोलत होते. मोबाइलमागे एक रिकामी खुर्ची होती आणि खुर्चीवर खरीखुरी चुंबळ, जुन्या साडीची.

"ही कुणाची?"

"सुमीची."

सुमी म्हणजे त्यांची बहीण, घरातलं शेंडेफळ. माथेरानला हॉटेलात काम करते, एवढंच मला ठाऊक होतं.

"आपल्याच कॉलेजात होती ती. लॉकडाउनात माझ्याच वर्गात. मी तासाला ऐंशी स्लाइड पळवायचो. एकदा मधेच म्हणाली, 'दादा, जरा थांब रं.' सगळ्या वर्गासमोर ओरडलो तिला, लक्ष कुठाय तुझं! त्यानंतर पोरगी वर्गाला बसलीच नाय. परीक्षेलाबी नाय. विचारलं तर म्हणते कशी, 'बिनचुंबळीचा हंडा ठेवलास रं माझ्या डोस्क्यावर.'"

इतकी वर्षं आम्ही ज्या वाक्याला हसत होतो, ते तिचं होतं. मला स्वतःची लाज वाटली. तरी ज्यासाठी आलो होतो ते विचारलं, "पण सर, वर्ग गेला तर?"

"जाऊ दे. धडा आधी तिला जातो. तिला कळला नाय तो पोरांना जात नाय. परीक्षक तीच. सांगा प्राचार्यांना."

मी तिथूनच प्राचार्यांना लिहून पाठवलं: भोईर सर बदलणार नाहीत. पहिलं वर्ष मला दिलंत, तर माझेही धडे सात मिनिटांचेच असतील. आणि मोबाइल खिशात टाकला.

तेवढ्यात सरांच्या मोबाइलवर सुमीचा निरोप वाजला. सकाळी पाठवलेला धडा तिने पाहिला होता. मागे घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या. "दादा, तिसऱ्या मिन्टाला दोन बाण येकदम आले. जरा थांब रं."

या वेळी सरांचे हात डोक्याकडे गेले नाहीत. त्यांनी फडकं उचललं आणि भरलेला फळा पुसायला घेतला.

"थांबलो गं बाय," ते म्हणाले. "थांबलो."